मी काढलेला रेझिस्टर

रत्नागिरीत मांडवीच्या ज्या घरात मी इंजिनिअरिंगची चार वर्षं काढली, तिथे मला कधी घड्याळाचा गजर लावावा लागला नाही. सकाळी काका पडवीत बसून एकच सूर लांबवर धरून ठेवत. मग थांबत. मग बारीक कानशीचा खर्र असा आवाज येई, आणि पुन्हा तोच सूर.

काका माझ्या नात्यातले कुणी नव्हते. ते पेट्या लावायचे. भजनी मंडळांच्या, देवळांच्या, गाण्याच्या शिकवणीच्या हार्मोनियम त्यांच्याकडे दुरुस्तीला येत. माझं गाव लांज्यापासून आत. आमच्या वाडीच्या मंडळाची पेटीही दर वर्षी गणपतीच्या आधी एसटीने त्यांच्याकडे जायची. मला रत्नागिरीत प्रवेश मिळाला त्या वर्षी पेटी घेऊन माझे वडील गेले होते. वसतिगृहात जागा नव्हती. वडील काजूच्या कारखान्यात कामाला. शहरात ओळख म्हणावी अशी त्यांना ह्या एकाच माणसाची. त्यांनी चाचरत विषय काढला. काका पेटीचं झाकण उघडत म्हणाले, "पेटी ठेवून जा, पोरगाही ठेवून जा. पेटी महिन्याने ने, पोरगा चार वर्षांनी."

आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. त्यामुळे त्या घराने माझ्यासाठी काय केलं हे मी मोजत बसत नाही, ते मोजण्यासारखं नाही. काकूंनी चार वर्षं मला ताटावर बसवून खाऊ घातलं. परीक्षेच्या दिवसांत काका सकाळचं काम पडवीतून उचलून मागच्या अंगणात नेत, मला त्रास नको म्हणून. तिथूनही सूर ऐकू यायचेच. मी त्यांना कधी सांगितलं नाही की ते ऐकत अभ्यास बरा होतो.

पेटीत पितळेच्या छोट्या जिभा असतात, त्यांना काका सूर म्हणत. जिभेचं टोक घासलं की सूर चढतो, बुडखा घासला की उतरतो. दोन सूर एकत्र वाजवले आणि त्यांच्यात फरक राहिला तर आवाज हेलकावे खातो. काका तो हेलकावा ऐकत घासत जात, तो लांबत लांबत नाहीसा होईपर्यंत. त्यांच्याकडे त्यासाठी दुसरं काही साधन नव्हतं. एकदा मी मोबाइलवर सूर मोजायचं ॲप उतरवून त्यांना दाखवलं. त्यांनी कौतुकाने पाहिलं आणि म्हणाले, "छान आहे. त्याला लागली पेटी की सांग, मग मी वाजवून बघतो."

काकांचे थोरले भाऊ बोटीवर रेडिओ ऑफिसर होते. मी त्या घरात आलो तेव्हा ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांनी मागे ठेवलेल्या वस्तूंत एक रेकॉर्ड प्लेअर होता आणि त्याला जोडलेला, त्यांनी स्वतः बांधलेला व्हॉल्व्हचा प्रीॲम्प्लिफायर. पत्र्याची पेटी, वर दोन काचेचे व्हॉल्व्ह, त्यांच्यामध्ये सुपारीच्या डबीएवढा काळा ट्रान्सफॉर्मर. दुपारच्या चहानंतर काका त्यावर जुन्या नाट्यपदांच्या रेकॉर्डी लावत. ऐकताना ते बोलत नसत आणि दुसऱ्या कुणाला बोलू देत नसत. काकू म्हणायच्या, "ह्या वेळात घर पेटलं तरी ह्यांना रेकॉर्ड संपल्यावर सांगायचं."

माझा शेवटच्या वर्षाचा निकाल लागला त्याच आठवड्यात त्या यंत्रातून घूं असा आवाज यायला लागला. काकांनी मला हाक मारली. "ये इंजिनिअर. आता तुझ्या डोक्याचा उपयोग होऊ दे वायच." मला किती आनंद झाला होता ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो. त्या घरासाठी पहिल्यांदाच मला काही करता येणार होतं.

घूं आवाजाचं कारण सोपं होतं. वीजपुरवठ्याकडचे कपॅसिटर वाळून गेले होते. ते मी बदलले. तिथेच थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण यंत्र उघडं होतं आणि पदवी नवी होती.

रेकॉर्डवरच्या सुईतून येणारा सिग्नल इतका क्षीण असतो की तो दोन टप्प्यांत मोठा करावा लागतो. पहिला व्हॉल्व्ह थोडा मोठा करतो, दुसरा आणखी. दोघांच्या मध्ये तो पोचवायला बहुतेक लोक कपॅसिटर वापरतात. काकांच्या भावाने तिथे ट्रान्सफॉर्मर घातला होता, म्हणजे लोखंडावर तारेच्या दोन गुंडाळ्या. पहिल्या गुंडाळीत आलेला सिग्नल दुसरीत उतरतो आणि तिथून दुसऱ्या व्हॉल्व्हच्या ग्रिडला जातो. ग्रिड म्हणजे व्हॉल्व्हच्या आतली तारेची बारीक जाळी. तिच्यावर जे येतं त्याप्रमाणे व्हॉल्व्हमधला करंट कमीजास्त होतो.

त्या दुसऱ्या गुंडाळीच्या दोन टोकांमध्ये एक रेझिस्टर लावलेला होता. म्हातारा, तपकिरी, मधोमध काळवंडलेला. त्याच्या टोकांशी जुन्या डाखाचे, म्हणजे सोल्डरचे, थरावर थर होते, जणू तिथे कुणी दहा वेळा काहीतरी लावलं आणि काढलं होतं. पुस्तकातलं मला पाठ होतं. अशा जागी ग्रिड करंट घेत नाही. मध्ये कपॅसिटर असता तर ग्रिडला जमिनीशी, म्हणजे अर्थशी, बांधायला रेझिस्टर लागलाच असता, पण इथे ते काम गुंडाळीच करते. मग हा कशाला? फुकटचा भार, थोडाफार सिग्नल खाणारा. डाखाचे थर पाहून मला वाटलं, बोटीवरचा माणूस, चाचपडत केलं असणार. मी रेझिस्टर काढला आणि कचऱ्यात टाकला.

यंत्र लावलं तर आवाज आधीपेक्षा मोठा आणि उजळ आला. काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं, "नवीन आणलंत की काय?" मी फुशारलो.

दोन दिवसांनी काका म्हणाले, "बाबू, स टोचतो रे. गाणारी बाई स म्हणाली की कानात सुई जाते. आणि तंबोऱ्याची तार पत्र्याची वाटते."

मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून सूर सोडणारा सिग्नल जनरेटर आणि मीटर मागून आणला आणि यंत्र तपासलं. तपासताना आम्हाला जसं शिकवलं होतं तसंच केलं. सेकंदाला एक हजार कंपनांचा सूर आत सोडायचा आणि बाहेर किती मोठा झाला ते बघायचं. आमच्याकडे सगळं काही एक हजारावरच तपासत. का, ते कुणी कधी विचारलं नाही, मीही विचारलं नाही. मीटरवर सगळं ठीक होतं. व्हॉल्व्हच्या प्रत्येक पायावरचं व्होल्टेजही ठीक.

मग मी काकांना ते सांगितलं जे सांगायला नको होतं. म्हणालो, "काका, यंत्रात दोष नाही. वय झालं की कानांना बारीक आवाज असे बोचतात. होतं तसं बऱ्याच जणांचं." आदल्या दिवशी मोबाइलवर असंच काहीतरी वाचलं होतं.

काकांनी रेकॉर्ड पाकिटात घातली. मग म्हणाले, "तू शिकलेला. तुला कळतं." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

पुढच्या महिन्यात मला पुण्यात नोकरी लागली. दोन वर्षं तिथे होतो. फोन करायचो, पण फोनवर काकू तब्येत, जेवण, थंडी एवढंच बोलत. मग रत्नागिरीतल्याच एका तंत्रशिक्षण संस्थेत शिकवायची जागा निघाली आणि मी परत आलो. पेढे घेऊन मांडवीला गेलो तर पडवी रिकामी होती. पेट्या ठेवायच्या लाकडी मांडणीवर काकूंनी सुकवलेल्या कोकमांच्या बरण्या लावल्या होत्या.

काका आत खुर्चीत पेपर वाचत होते. पेढा घेतला, पाठ थोपटली, चौकशी केली. पेट्यांचा विषय मी काढला तेव्हा म्हणाले, "सोडलं ते. कान गेले."

नंतर काकूंनी मला चहा देताना हळू आवाजात सगळं सांगितलं. आधी रेकॉर्डी बंद झाल्या. मग एकेक सूर लावायला ह्यांना दिवस दिवस लागायला लागला. लावलेला सूर पुन्हा उघडत, पुन्हा घासत. हातखंब्याकडच्या एका मंडळाची पेटी अशी घासून घासून दोन सूर वाया गेले. त्यांची डबलबारी, म्हणजे दोन मंडळांचा भजनाचा सामना, तोंडावर आलेली, समोरचं मंडळ तयारीचं. काकांनी पेटी तशीच परत दिली आणि सांगितलं, माझे कान म्हातारे झाले, दुसरा माणूस बघा. त्यानंतर आलेल्या प्रत्येकाला ते हेच सांगत राहिले. आता कानात एका वैद्याचं तेल घालतात. "तुझंच नाव सांगतात," काकू म्हणाल्या. "आमच्या इंजिनिअरने वेळेवर सांगितलं म्हणून कळलं, नाहीतर लोकांच्या पेट्या बिघडवत बसलो असतो, असं म्हणतात."

मला तेव्हाही कळलं नाही. वाईट वाटलं, पण ते म्हातारपणाबद्दल वाटतं तसं.

कळलं ते पुढच्या जुलै महिन्यात, संस्थेच्या प्रयोगशाळेत. विद्यार्थ्यांसाठी मला ट्रान्सफॉर्मरवर एक नवीन प्रयोग बसवायचा होता. मी ठरवलं की फक्त एक हजारावर थांबायचं नाही, खालपासून वरपर्यंत सगळे सूर सोडून आलेख काढायचा. दुसरी गुंडाळी मोकळी ठेवली आणि मोजायला लागलो. रेघ सरळ चालली होती. पाच हजारांच्या पुढे ती उचलायला लागली. आठ हजारांच्या आसपास ती अशी वर गेली की मला वाटलं तार सुटली. पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. मग गुंडाळीच्या टोकांमध्ये एक रेझिस्टर लावला आणि तो डोंगर खाली बसला.

तारेचे थर एकमेकांना चिकटून असतात, त्यामुळे गुंडाळीच्या आतल्या आत एक झोका तयार होतो. वर भार नसेल तर एका ठरावीक सुराला तो मोकळा सुटतो. रेझिस्टर म्हणजे त्या झोक्याला लावलेला हात. माणसाच्या तोंडातला स, तंबोऱ्याच्या तारेची झण, सुईची खरखर, ही सगळी त्याच भागात असते.

मी स्टुलावर बसून राहिलो. कागदावर जो डोंगर होता तो काकांनी मला तीन वर्षांपूर्वी तोंडाने सांगितला होता. मीटर न लावता.

त्याच दिवशी जाऊन सांगायला हवं होतं. मी नऊ दिवस गेलो नाही. रोज काहीतरी कारण मिळत होतं. दहाव्या दिवशी गेलो तो वेगवेगळ्या मापाचे रेझिस्टर खिशात, जनरेटर आणि मीटर पिशवीत घालून, आणि मनात एक लबाडी घेऊन. म्हटलं, यंत्र बरेच दिवस बंद आहे, जरा साफ करून देतो. काका म्हणाले, कर हो, नाहीतरी धूळच खातंय. मी आलेख काढून योग्य वाटला तो रेझिस्टर लावला, पत्रा बंद केला आणि एक रेकॉर्ड लावली.

काका पेपर वाचत होते. दुसऱ्या ओळीला त्यांनी पेपर खाली ठेवला. रेकॉर्ड संपेपर्यंत बोलले नाहीत. संपल्यावर विचारलं, "काय केलंस?"

"साफ केलं," मी म्हणालो.

"टोचत नाही रे." त्यांनी काकूंना हाक मारली. "अगो ऐकलंस काय, स टोचत नाही. त्या वैद्याच्या तेलाने गुण आला म्हणायचा." काकू पदर खोचत बाहेर आल्या आणि माझ्याकडे बघून हसल्या, जणू आनंदाची बातमी मीच आणली होती. मला वाटलं, झालं, सुटलो. काकांना कान परत मिळाले, मला काही बोलावं लागलं नाही. श्रेय तेलाला गेलं तर गेलं.

घरी पोचेपर्यंतही ते समाधान टिकलं नाही. तेलाने आलेला गुण तेलाबरोबर जाईल, हे मला दिसत होतं. आज ना उद्या कुठल्या तरी सुरावर त्यांना शंका येईल आणि ते पुन्हा म्हणतील, कान गेले. तीन वर्षं त्यांनी एका खोट्या गोष्टीवर विश्वास ठेवला होता आणि मी आता तिच्या जागी दुसरी ठेवून आलो होतो.

दुसऱ्या दिवशी कामावरून थेट मांडवीला गेलो. काका पडवीत उभे राहून मांडणीवरच्या बरण्या खाली काढत होते. मी रेझिस्टर नसतानाचा आणि लावल्यावरचा, असे आलेखाचे दोन्ही कागद काढले आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. रेझिस्टर काढला ते, एक हजारावर तपासलं ते, तुमचे कान बरोबर होते आणि माझं मोजणं अपुरं होतं ते. यंत्र काल मी दुरुस्त केलं, तेलाने काही झालेलं नाही, हेही.

काकांनी हातातली बरणी जमिनीवर ठेवली. कागद घेतला नाही.

"म्हणजे तेव्हा तू खोटं बोललास."

"नाही काका. तेव्हा मला तसंच वाटलं होतं. खोटं काल बोललो."

काकू दारात येऊन उभ्या होत्या. त्या आत गेल्या. काका पायरीवर बसले, मलाही बसायला सांगितलं. मग त्यांनी रेझिस्टरबद्दल विचारलं, तो कुठे होता, कसा दिसत होता. मी सांगितलं. टोकांना डाखाचे खूप थर होते, हेही सांगितलं.

"असणारच. दादा डाख देत होता आणि मी त्या खिडकीपाशी बसून ऐकत होतो. एक लावायचा, विचारायचा, कसं? मी म्हणायचो, टोचतंय. दुसरा लावायचा. मी म्हणायचो, आता आंधळं झालं. आख्खा रविवार चाललं होतं ते. शेवटी एकाला मी म्हटलं, राहू दे. तेव्हा वहिनीने जेवायला वाढलं." ते थोडे हसले. "दादाकडे मीटर होता, बोटीवरचा. तो म्हणायचा, तुझ्यापुढे ह्याला काढायची लाज वाटते."

मी कचऱ्यात टाकलेली वस्तू काय होती ते मला त्या पायरीवर कळलं. मी माफी मागितली.  काका म्हणाले, माफी कसली, घरचाच पोरगा. पण त्यानंतर ते जे बोलले ते मी विसरू शकत नाही.

"तुझी मशीन म्हणाली कान गेले, तेव्हा गेले. आता मशीन म्हणते कान आहेत, तर आहेत. मी कुठे आहे ह्यात?"

मी कागदांची घडी करून खिशात ठेवली. 

मला करता येण्यासारखं होतं ते मी केलं. आमच्या वाडीच्या मंडळाला फोन केला. त्यांची पेटी दोन वर्षं दुसरीकडे जात होती आणि ते खूश नव्हते. गणपतीला तीन आठवडे होते. वडील स्वतः पेटी घेऊन आले. त्यांना मी काय घडलं ते सांगितलं होतं. ते काकांपुढे मान खाली घालून बसले, जणू चूक त्यांचीच. काका त्यांना म्हणाले, "पेटी ठेवून जा. पोरगा ने ह्या वेळी, मला नको." वडील हसले नाहीत, तेव्हा काकांनाच सांगावं लागलं की थट्टा केली.

शनिवारी दुपारी मी गेलो तेव्हा पेटी उघडून पडवीत ठेवली होती. काकांनी भाता हलवत एक जोडी वाजवली, थांबले, कानस फिरवली, पुन्हा वाजवली. हेलकावा लांबत गेला. मला तरी तो संपलेला वाटला. काकांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"लागला?"

त्या घरात राहिलो त्या सबंध काळात मी त्यांना हे कुणालाही विचारताना ऐकलं नव्हतं. ते ॲप असलेला मोबाइल माझ्या खिशात होता. मी हात खिशाबाहेरच ठेवले.

"मला नाही कळत काका."

"पदवी घेऊन एवढंही कळत नाही?"

"नाही."

त्यांनी पुन्हा वाजवलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे बघत होतो, पण त्यांची नजर मला कळत होती. त्यांनी लागलेल्या सुरावर पुन्हा एकदा कानस फिरवली. हेलकावा परत आला, तो मलाही ऐकू आला. मग त्यांना बुडखा घासून तो खाली आणावा लागला. असं तीनदा झालं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

शेवटी त्यांनी कानस खाली ठेवली. "तू असलास समोर की मी तुझ्या तोंडाकडे बघतो," ते म्हणाले. "जा, बाहेर जाऊन बस. तिकडे तोंड करून."

मी पायरीवर रस्त्याकडे तोंड करून बसलो. काकूंनी चहा आणून दिला आणि त्याही तिथेच बसल्या. आत सूर वाजला, थांबला. खर्र. पुन्हा वाजला. बराच वेळ तो तसाच धरलेला होता, मग बंद झाला आणि त्याच्या शेजारचा सुरू झाला. लागला का, असं विचारल्यासारखं काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही. दिवेलागणीपर्यंत आम्ही बसून होतो. आतून मला हाक आली नाही.